दोन ठोके

४ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या घरातला पहिला दिवस. दुपारी अप्पांनी मजल्यावरच्या तिन्ही दारांची घंटा वाजवून विचारलं — "कोण गेलं?"

कोणीच गेलं नव्हतं. इथं दुपारी लोक झोपतात, बस्स! पण आमच्या पत्रेवाल्यांच्या गल्लीत सगळे हातोडे एकदम थांबायचे ते कोणी गेलं तरच. आता सोसायटीभर बातमी आहे — एक म्हातारा आलाय, तो मयताची चौकशी करत फिरतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी अप्पांची छाती तपासून 'शांत जागा' सांगितली होती. मिळाली. इतकी शांत, की फ्रिजसुद्धा घसा खाकरताना संकोचतो.

सकाळी दूधवाल्याला हाक मारली, तर समोरच्या बाल्कनीतलं बाळ रडायला लागलं. काय करणार, मी ट्रंकेत वाढले. खरंच! दुकानातल्या न खपलेल्या ट्रंकेत मला झोपवायचे आणि शेजारी अप्पा बादलीचा तळ ठोकत बसायचे. ठोकणं थांबलं की मी जागी व्हायचे म्हणे.

कुजबुज हा प्रकारच गल्लीत नव्हता. चहाडीसुद्धा ओरडून करावी लागे, त्यामुळे जिची करायची तीच पलीकडून उत्तर द्यायची. शाळेत बाईंनी विचारलं होतं, ही मुलगी बोलतेय का भांडतेय? बोलतेय, बाई. भांडायला लागले तर शाळा रिकामी करावी लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार

अप्पांनी ऐरण आणलीये! छोटी, पण ऐरणच. हमाल विचारत होता, ताई, या पिशवीत दगड भरलेत का? मी ठणकावून सांगितलं होतं — स्वेटर आहेत.

आज सकाळी बाल्कनीत बसून त्यांनी दोन ठोके दिले. नुसत्या ऐरणीवर. हे काम नव्हे, हजेरी. गल्लीत दुकान उघडलं की दोन ठोके द्यायचे, शेजारच्यानं दोन द्यायचे, मग त्याच्या शेजारच्यानं, असं थेट टोकापर्यंत. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्याकडे शेजारच्यानं हातातलं टाकून धावायचं. एके सकाळी कुलूपवाल्याचं उत्तर आलं नाही. अप्पा धावले, मागोमाग मी. तो आत पडलेला, आणि दाराला आतून कुलूप. दार मोडायला अख्खी गल्ली लागली, कारण कुलूप त्यानं स्वतः बनवलेलं! वाचला. पुढे मरेपर्यंत दोन गोष्टी ऐकवायचा — दार मोडलंत म्हणून शिव्या, आणि कुलूप बघितलंत ना म्हणून बढाई.

अशा गल्लीतली आहे मी. उगाच नाही मान ताठ.

अप्पांनी इथं कान देऊन वाट बघितली. उत्तर कोण देणार?

१० फेब्रुवारी

पुन्हा दोन ठोके. पुन्हा कान.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन आले. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकेची तक्रार — सकाळचा आवाज. इतक्या हळू बोलले, की अप्पांना अक्षर ऐकू गेलं नाही. मी आमच्या पट्टीत पुन्हा सांगितलं. अप्पांबरोबर सगळ्या इमारतीला कळलं.

अप्पांनी वाद घातला नाही. हातोडा टॉवेलात गुंडाळला. जेवताना म्हणाले, "रविवारी मी दुकानावर जातो."

दुकान आता चुलतभावाकडे आहे. हे झोपणार वरच्या माळ्यावर. उभी शिडी, आणि ही छाती! मी शिडीपासून डॉक्टरांपर्यंत सगळं काढलं. ते शांतपणे म्हणाले, "इथं मी पडलो तर कळणार कुणाला? तू दिवसभर कामावर. ठोक्याला उत्तर देणारं आहे का कुणी?"

मी ताटं उचलली, तीसुद्धा आवाज न करता. आमच्या घराण्यात ही बातमी आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दार वाजलं. वरच्या बाई! पायात चपला नाहीत, दम लागलेला.

"दोन दिवस ठोके नाहीत. वडील बरे आहेत ना तुमचे?"

मी म्हटलं, तक्रार तुमचीच होती. त्या म्हणाल्या, "आवाजाची होती. माणसाची नव्हती."

अप्पांनी त्यांना बसवून हजेरीची पद्धत सांगितली, कुलूपवाल्यासकट, गल्लीच्या आवाजात. एकट्याच राहतात म्हणे. सगळं ऐकून घेतलं आणि तडक उठून गेल्या. झालं! आता गोष्टीच्या आवाजाची तक्रार येणार.

अप्पांनी बॅग भरली. ऐरण राहू दे म्हणाले, तिथं आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

बॅग दाराशी, गाडी खाली. निघता निघता अप्पांनी ऐरणीवर दोन ठोके दिले. निरोपाचे असावेत.

वरून दोन आले. पळी आणि पातेलं, बहुतेक.

अप्पा उभे राहिले. मग बॅगेची चेन उघडून त्यांनी चष्मा काढला, पेपर मागितला.

"हात कच्चा आहे बाईंचा," म्हणाले. "बसेल हळूहळू."