बँकॉकच्या बायका ‘खा’ म्हणतात

अणदूर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आज सकाळी तुझ्या दादांचं पितर घातलं. खीर, वडे, कढी आणि भोपळ्याची भाजी केली. शेजारचे बंडप्पा पितर म्हणून जेवायला बसले. कावळा आला. दुपारी भांडी घासली, ओसरी धुतली. तू आली नाहीस.

प्रिय गजरा,

नणंदेला नावानं हाक मारते म्हणून लग्नानंतर तुझ्या आईनं मला बरंच सुनावलं होतं. पण शाळेत जिच्या बाकावर बसून चिंचा खाल्ल्या तिला ‘वन्सं’ म्हणायला माझी जीभ वळायची नाही. आज तू का आली नाहीस ते मला समजलं. दादाच्या पाटावर दुसरं माणूस बसलेलं तुला बघवत नाही. मलाही बघवलं नाही, पण वाढायला कुणीतरी लागतं.

फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. काल मी ‘बँकॉक’ एवढंच म्हणाले, तर तू ‘म्या न्हाय येणार, ठेव फोन’ म्हणालीस आणि स्वतःच ठेवलास. रणधीर दिवाळीसाठी आपल्या दोघींची तिकिटं काढतोय. गुरुवारपर्यंत त्याला कळवायचंय. तुझा पासपोर्ट मागच्याच वर्षी आलाय. फोटोत पाकीटमारासारखी दिसतेस, पण मीही तशीच दिसते आणि तिथल्या साहेबानं मला निमूट आत सोडलं. तेव्हा तुझी एकेक शंका घेते. कागदाला तुला मधेच तोडता येणार नाही.

तुझी पहिली शंका रास्त आहे. मार्चमध्ये बँकॉकला भूकंपाचे हादरे बसले, रणधीर आणि सूनबाई शिवांजली एकोणीस मजले जिन्यानं उतरले, हे मीच तुला सांगितलं आणि मीच पस्तावले. सास्तूरच्या माणसाला असली बातमी द्यायची नसते. त्र्याण्णवच्या भूकंपापासून तू स्लॅबखाली झोपलेली नाहीस, थंडीतसुद्धा अंगणात बाज टाकतेस, हे रणधीरला चांगलं माहीत आहे. म्हणून त्यानं पंधरा दिवसांसाठी त्याच्या इमारतीजवळच एक बैठं घर बघून ठेवलंय. पुढं छोटंसं अंगण आहे. बाज तिथं मिळत नाही, पण आत्या येणार असेल तर सुताराकडून करून घेतो म्हणाला. मच्छर मात्र भरपूर आहेत. मच्छरदाणी आपण इथूनच नेऊ.

दुसरी शंका, ‘तिथं लोक किडे खातात म्हणं.’ खातात. गाडीवर तळून ठेवलेले असतात, आपल्याकडं भजी ठेवतात तसे. पण तुला कुणी धरून भरवणार नाही. तू फक्त पिवळी पाटी शोधायची. तिच्यावर लाल रंगात एक अक्षर असतं, ते इंग्रजी सतरासारखं दिसतं. त्याचा उच्चार ‘जे’. तिथं मांस-मासळी काही नसतं. दिवाळीच्या सुमारास त्यांचे शाकाहाराचे दिवस येतात, तेव्हा रस्ताभर पिवळी निशाणं लागतात. इतर दिवशी साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात, म्हणून आधी विचारायचं. कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या लाकडी मुसळीनं कुटून देतात, ते तुला फार आवडेल. सुकट घालू नका एवढं सांगायचं. कुटणारी बाई मिरच्या किती घालू म्हणून विचारते. तिथं धाराशिवचं नाव राखायला जाऊ नकोस. मी आठ बोटं दाखवली आणि नंतर कितीतरी वेळ रणधीर मला पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

आता मुख्य गोष्ट, कारण तिच्यापायी माझी फजिती झाली. मी गेले तेव्हा यांना जाऊन तीन महिने झाले होते. माझं जेवण तेव्हा कसं होतं ते तू बघितलंयस. ताटात घ्यायचं, झाकून ठेवायचं, संध्याकाळी म्हशीला घालायचं. रणधीर सरळ न्यायलाच आला. बँकॉकच्या पहिल्या सकाळी खाली उतरले तर दाराशी टेबलावर बसलेली मुलगी हात जोडून गोड हसली, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि शेवटी अगदी स्पष्ट म्हणाली, ‘खा.’ मी म्हणाले, ‘खाल्लं.’ खोटंच. मग लिफ्टमध्ये एक म्हातारी म्हणाली, ‘खा.’ दुकानातली बाई सामान हातात देताना म्हणाली, ‘खा.’ बसमधली कंडक्टरीण तिकीट फाडताना म्हणाली, ‘खा.’ गजरा, मला घाम फुटला. मला वाटलं, रणधीरनं सगळ्या शहराला सांगून ठेवलंय की माझी आई जेवत नाही, दिसली की तिला म्हणा. घरातली गोष्ट पोरानं अशी परदेशात चव्हाट्यावर मांडावी याचा फार राग आला. पण मी कशी आहे तुला ठाऊक आहे. त्याला काही विचारलं नाही. एवढी परकी माणसं कळवळून सांगतात आणि आपण ऐकू नये हेही बरं दिसेना, म्हणून मी खायला लागले. केळीवाली म्हणाली, केळं खाल्लं. कणीसवाली म्हणाली, कणीस खाल्लं. टेबलावरच्या मुलीची खात्री पटावी म्हणून केळ्याची साल तिच्या समोरच्या डब्यात तिला दिसेल अशी टाकायचे.

शेवटी आगगाडीत पकडले गेले. पुलावरून धावणारी गाडी आहे, आत एकदम गारवा आणि कुणी जोरात बोलत नाही. तुला ते जड जाईल. स्टेशन आलं की भोंग्यातून एक बाई बोलते. ती बोलली आणि शेवटी म्हणाली, ‘खा.’ मी निमूट पिशवीतून चिक्की काढून तोंडात घातली. शिवांजली दचकली. ‘आई, अहो काय करताय! गाडीत खायला बंदी आहे.’ मी म्हणाले, ‘अगं, तीच म्हणतेय ना.’ ती खांबाला धरून इतकी हसली की आमचं उतरायचं स्टेशन चुकलं. तिथल्या बायका प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान देण्यासाठी ‘खा’ लावतात, आपण ‘जी’ लावतो तसं. पुरुष ‘क्रप’ म्हणतात. रणधीरनं कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. हे कळल्यावर मी खायचं थांबवेन असं वाटलं होतं, पण तोवर सवय लागली होती.

आणखी थोडं लक्षात ठेव. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, ते लोक डोकं फार पवित्र मानतात. पाय कुणाकडं करून बसायचं नाही. लेकरू दिसलं की त्याच्या तोंडावरून हात उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची आपल्या दोघींना खोड आहे. मी शेजारणीच्या बाळाची अशी दृष्ट काढली, तर मी काही करणी केली असं वाटून ती बाई भिंतीला चिकटली. शिवांजलीनं बराच वेळ समजावलं. दुसऱ्या दिवशी तीच बाळ घेऊन दारात उभी! रात्री पोर छान झोपलं म्हणून परत बोटं मोडा म्हणत होती.

संध्याकाळी सहाला स्टेशनवर असलीस आणि सगळी माणसं एकाएकी जागच्या जागी थांबली, तर घाबरू नकोस. मला वाटलं, कुणाची तरी मयत चाललीय. डोक्यावर पदर घेऊन मीही मान खाली घातली. ते त्यांचं राष्ट्रगीत होतं, सकाळी आठलाही लागतं. पण खरं सांगते, एवढ्या माणसांबरोबर गप्प उभं राहून मला बरं वाटलं. इथं कुणी मला गप्प राहू देत नव्हतं.

तिथं प्रत्येक इमारतीबाहेर जागेच्या राखणदाराचं छोटं देऊळ असतं. त्याला लाल सरबताची बाटली ठेवतात, आत प्यायला नळीसुद्धा घालतात. आज पितराच्या पानाशेजारी मीही एक ठेवणार होते. बंडप्पा पिऊन टाकतील म्हणून राहू दिली.

हे सगळं तुझ्या सोयीसाठी लिहिलं असं तुला वाटेल. तसं नाही. हे गेल्यापासून जो येतो तो यांना देवमाणूस म्हणतो. बंडप्पांनी आज खीर ओरपता ओरपता तेच म्हटलं. रणधीर वडिलांचं नाव घेताना आवाज खाली आणतो. मग मी कुणाला सांगू, की एसटीत कंडक्टर होते म्हणून हे झोपेतही मला ‘पुढं सरका’ म्हणायचे आणि स्वतः सगळी गादी अडवायचे? की रस्ता चुकले तरी कुणाला विचारायचे नाहीत, आणि घरी आल्यावर सत्यभामेनंच चुकवला म्हणून सांगायचे? वर्षश्राद्धाला तू दारातूनच ओरडलीस, ‘लई लबाड होता दादा, मला न सांगता गेला,’ आणि सगळ्यांनी तुला गप्प केलं. त्या दिवसभरात मला तेवढंच ऐकावंसं वाटलं होतं. एकटीनं आठवायला बसलं की माझ्याही मनात ते देवमाणूस होतात, आणि तो माणूस माझ्या ओळखीचा नाही. त्यांना नावं ठेवणारं कुणीतरी मला जवळ हवंय, आणि तो हक्क तुझ्याशिवाय कुणाला नाही. पोरांच्या कानावर जाणार नाही अशा जागी पंधरा संध्याकाळी आपण दोघींनी बसायचं आणि त्यांना पोटभर बोलायचं. त्यासाठी तू ये. मला तू लागतेस. बंडप्पा उद्या सास्तूरला पाहुण्यांकडं निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. त्यांच्यापाशी फक्त व्हय की न्हाय एवढंच सांग, भाषण देऊ नकोस, ते अर्धं विसरतात. नळाला पाणी आलंय. पाईप लावून टाकी भरून घेते.

तुझीच, भांडणात कायम तुझ्या बाजूची,
सत्यभामा