आईच्या खोलीतला गारवा

१४ मे, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. आईचा गुडघा आता बरा आहे, भूकही चांगली लागते. तुझ्या लेकीला नोकरी लागल्याचं तिने समोरच्या शिंपीणबाईंना दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा हुद्दा थोडा वाढवूनच सांगितला. पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं वाक्य अर्धं राहतं. या वेळी मला ते पुरं करायचंय.

आधी एसीची बातमी. आईच्या खोलीतला एसी लावला की थोडा वेळ गार हवा यायची. मग बाहेरचा कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि आतला पंखा नुसता वारा घालत बसायचा. आई घामाने निथळायची. तू म्हणालीस, वयामुळे तिला जास्त उकडत असेल. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? दुकानातून आलेल्या माणसाने जाळी धुतली, गॅस तपासला आणि सगळं उत्तम आहे म्हणून निघून गेला. दुसरा आला, त्याने थेट नवा एसी घ्यायला सांगितलं. आई भडकली. म्हणाली, "म्हणजे मशीन ठणठणीत आणि मीच बिघडलेय, असंच ना?"

मग परवा एक मेकॅनिक आला. मी शाळेतले सुट्टीचे वर्ग घेऊन परतले तेव्हा तो स्टुलावर उभा होता आणि आई पलंगावर मांडी घालून त्याच्याशी गप्पा मारत होती. किती दिवसांनी तिला इतकं हसताना पाहिलं! त्याने मेन स्विच बंद करून एसीचं झाकण उघडलं होतं.

"टॉर्च आहे का?" त्याने मागे न बघताच विचारलं.

मी टॉर्च धरली. आत, गार होणाऱ्या पत्र्यांच्या पुढ्यात, दोन तारांना मिरीच्या दाण्याएवढा काळा मणी लटकलेला असतो. तो सेन्सर. खोली किती तापलीय हे मशीनला तोच सांगतो. तो पत्र्याला चिकटला असेल तरी चुकीचं सांगतो, म्हणून त्याने आधी ते पाहिलं. चिकटला नव्हता. मग त्याच्या तारा सोडवून मीटरला लावल्या आणि मणी मुठीत धरला.

"ऊब लागली की आकडा उतरायला हवा," तो म्हणाला. आकडा ढिम्म हलेना. मी बर्फाच्या पाण्याचा पेला आणून दिला. गारव्याने आकडा चढायला हवा, तर तिथेही तो जागचा हलला नाही. पिशवीतला नवा सेन्सर लावून पाहिला, तर आकडा मुठीत लगेच उतरला आणि पाण्यात सरसर चढला.

"हा जुना अडकून बसलाय. खोली भट्टी झाली तरी मशीनला सांगतो, गार आहे. मग ते बिचारं थोडं चालून थांबतं," तो म्हणाला. "आई, तुमचं बरोबर होतं."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

नवा सेन्सर बसवताना तो म्हणाला, "टॉर्च जरा..." आणि थांबला. कारण मी ती आधीच डावीकडे नेली होती.

ताई, तू एव्हाना ओळखलं असशील. हो, तोच. ज्याचं नाव तू या घरात पुन्हा काढू दिलं नाहीस, तो. मी त्याला बोलावलं नव्हतं. आईने बोलावलं. तो जहाजांवरची नोकरी सोडून परत आलाय, आता गोदामांची शीतगृहं सांभाळतो, हे तिला स्पेअर पार्टवाल्याकडून कळलं आणि नंबरही तिथूनच मिळाला. मी जाब विचारला तर म्हणते, "माझ्या खोलीतलं मशीन मी मला हवं त्याला दाखवीन."

त्या दिवसापासून मला वर्कशॉपच्या वरची आमची खोली आठवतेय. उन्हाळ्यात दुरुस्त झालेला एसी तो खोक्यावर ठेवून चालू करायचा आणि आम्ही त्याच्यासमोर बसून जेवायचो. "टेस्टिंग आहे," असं गंभीरपणे म्हणायचा. गिऱ्हाईक लवकर आलं की मला रडू यायचं, त्याला हसू. मला टॉर्चबाई म्हणायचा. एकदा तूही आली होतीस. शाल पांघरून त्या उसन्या गारव्यात बसलीस आणि संध्याकाळपर्यंत हलली नाहीस. त्या दिवशी त्याच्या नकलांवर सगळ्यात मोठ्याने तूच हसत होतीस, आठवतं?

मग तो जहाजावर गेला. मला आईला टाकून जाता येईना, त्याला परत येववेना. पत्रं विरळ झाली आणि शेवटी घटस्फोटाचे कागद सहीसाठी आले. तेव्हा तू महिनाभर माझ्याशेजारी झोपलीस. मी जेवले नाही तर तूही जेवायची नाहीस. तुझा त्याच्यावरचा राग कुठून आलाय, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे सगळं तुला सांगायला हात धजत नव्हता.

निघताना तो दारात घुटमळला. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय.

"जहाजावर सगळं गार ठेवायचो," तो म्हणाला. "पण समोर बसून जेवायला कुणी नव्हतं." मग म्हणाला, "रविवारी येऊ का?"

"मशीन तर चांगलं चाललंय," मी म्हटलं.

"मी मशीनचं विचारत नाहीये."

ताई, मी "ये" म्हणाले. कुणी भरीला घातलं म्हणून नव्हे, आईसाठीही नव्हे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित आम्ही दोघं नुसतेच म्हातारे होऊन समोरासमोर बसू. तेवढंही मला हवंय.

मी तुझी परवानगी मागत नाही. पण तुझ्यापासून लपवून मला हे करायचं नाही. रागाव, हवं ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त अबोला धरू नकोस. तो मला तुझ्याकडून सोसणार नाही.

जमलं तर रविवारी तूच ये.

तुझ्याच कुशीत रडून मोठी झालेली,
धाकटी