मॅडमना आवडलेलं आपलं घराणं

ती. खंडेरावमामांना महेशचा साष्टांग नमस्कार (रागात असलो तरी पूर्ण घातला आहे).

माझं आयुष्य बदललं ते "आमचे आजोबा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, थोरले मामाही त्यानेच," असं मी बोललो त्या क्षणी. तुमची तब्येत बरी असेलच, मामींचे गुडघेही. तर कॉलेज अर्धवट सोडून मी नाशकात ज्या प्रयोगशाळेत काचसामान धुतो (तुमच्या भाषेत भांडी घासतो), तिथे चैताली मॅडम याच कॅन्सरवर संशोधन करतात. सहा महिने त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पाहायच्या त्या पिंजऱ्यातल्या उंदरांकडे. मी नवे शर्ट शिवले, दाढी कोरली, तरी सरशी उंदरांचीच. आणि त्या दिवशी चहा देताना सहज आजोबांचा विषय निघाला, तर मॅडमनी मला खुर्ची ओढून दिली! मामा किती, कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी? मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा एवढी चौकशी होत नाही. मी वाहवत जाऊन चुलत आत्याची मूळव्याधही सांगून टाकली (तिच्यात त्यांना रस दिसला नाही). मग माझं आणि आईचं रक्त घेतलं. स्वतःच्या हाताने! मी सुईकडे बघितलंच नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमचंही रक्त हवं म्हणून मी मनमाडला आलो आणि तुम्ही ओट्यावरूनच ओरडलात, "दिशाचं इगतपुरीला जमतंय अन् तू आपल्या रक्तात खोट शोधतो का रे, टवाळा?" मामी म्हणाल्या, "अहो, आधी पोहे तरी खाऊ द्या त्याला." मामा, लेकीच्या पत्रिकेतला मंगळ तुम्ही ज्योतिषी बदलून बदलून तपासलात, तो कुठल्या घरात बसलाय ते सगळ्या गल्लीला ठाऊक. आजोबा मात्र 'पोटाच्या दुखण्याने' गेले! थोरले मामा तर म्हणे नजर लागून. असो. मोठ्यांना उलटून बोलू नये असं आई म्हणते, म्हणून लिहितोय.

तुमचा भाचा,
महेश

ता. क. राग सोडा. पत्र नुसतं खुशालीचं आहे.

आणखी एक ता. क. खुशालीचं नाही. काल रिपोर्ट आला. हा कॅन्सर घराण्यात उतरवणारी जनुकातली चूक आईत निघाली, माझ्यातही. म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. दरवर्षी तपासत राहायचं, लवकर सापडला तर कापून काढायची आशा असते. आजोबांचा उशिरा सापडला, थोरल्या मामांचा त्याहून उशिरा. तुमच्यात नसेलही. पण मामा, पाया पडतो, रक्त द्या. दिशालाही आणा. हे सांगताना मॅडमनी माझा हात हातात घेतला होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलल्या, "महेश, तुमचे मामा कधी येतायत?" मी हात सोडवून घेतला, उठलो, बाहेर आलो आणि दार आपटून लावलं.