एकच डॉलर दोनदा विकल्याचा खुलासा

परमस्नेही व्याहीबुवांना आदरपूर्वक नमस्कार, आणि विहीणबाईंना त्याहून थोडा जास्त, कारण तुम्हाला पत्र लिहायला त्यांनीच बसवलं असणार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी तब्येत ठणठणीत आहे. (डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण ते आपल्या कंपनीचे भागधारक नाहीत, तेव्हा त्यांना खुलासा द्यायला मी बांधील नाही.) जावईबापू तुमच्याकडे हवापालटाला आलेत, त्यांची भूक कशी आहे? माझ्या टेबलावर राजीनामा ठेवून हवापालटाला गेलेला माणूस मी प्रथमच पाहिला. तिकडच्या शीतगृहवाल्यांनी त्यांना हिशेबाची मोठी जागा देऊ केली आहे असंही कानावर आलं. चांगलं आहे. बर्फात डोकं शांत राहतं.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे वळतो. मुलांचं लग्न ठरवताना तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता, की मुलीला पोहता येतं का, आणि आता एकदम शेअर, चलनाचं हेजिंग आणि बाजाराची पुढची दिशा! माणूस भागधारक झाला की व्याहीपण थोडं कोरडं पडतंच, मी मनावर घेतलेलं नाही.

पहिला प्रश्न, शेअर ठेवावेत की विकावेत. व्याहीबुवा, मी लाँड्रीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका मशीनवर बॉलपेनच्या स्प्रिंगा वळायला लागलो, तेव्हा मला लोक विचारायचे की या टीचभर तारेवर तुझं पोट भरणार का. मी त्यांना सांगायचो, कुठल्याही कचेरीत जाऊन बसा. साहेबाने अवघड प्रश्न विचारला की समोरचा माणूस पेनचं बटण टकटक दाबायला लागतो. जोपर्यंत साहेब प्रश्न विचारताहेत आणि लोकांना उत्तरं येत नाहीत, तोपर्यंत स्प्रिंगा झिजणार आणि आपला कारखाना चालणार. तेव्हा शेअर ठेवा. (विकायचेच असतील तर आधी मला कळवा, म्हणजे मी विहीणबाईंना कळवीन.)

दुसऱ्याच्या आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण तो सोपा आहे. बाजाराची पुढची दिशा काय, हे विचारायला मी टाय लावणाऱ्या एका सल्लागाराला बोलावलं होतं. त्याने दोन तास पडद्यावर रंगीत रेघा दाखवल्या आणि शेवटी ‘सावध आशावाद’ ठेवा म्हणाला. माझी बायको गेली पस्तीस वर्षं माझ्याबद्दल तोच ठेवून आहे आणि तिने कधी बिल लावलं नाही. बाजार वर जाईल किंवा खाली जाईल, आणि जे काही होईल ते आमच्या न्हाव्याला आधीपासून माहीत असेल.

राहिला दुसरा प्रश्न. आमची ऑफिसं तुम्ही पाहिलीत. माझी केबिन आणि जावईबापूंची केबिन यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी आहे, आणि माझे कान तर तुम्हाला ठाऊकच आहेत. स्प्रिंग टेबलावर टाकली की तिला पाणी नीट दिलंय की नाही ते मी आवाजावरून सांगतो. त्या दिवसांत आमचा अबोला होता. (त्यांनी माझ्याच कारखान्यात माझ्याकडे टॅक्सीची पावती मागितली. लेखी.) काही बोलायचं झालं की मुलीमार्फत. ती सकाळी दोन्ही केबिनमध्ये जाऊन निरोप पोचवायची, पण फक्त आवश्यक तेवढेच, बाकीचे गाळून. अशात परदेशातून मोठी ऑर्डर आली, एक लाख डॉलरची, पैसे चार महिन्यांनी. फळीपलीकडून जावईबापू फोनवर बोलताना मी ऐकलं की डॉलर घसरायची भीती आहे, तेव्हा आजच्या भावाने ते बँकेला आगाऊ विकून टाकावेत, म्हणजे पुढे भाव काहीही होवो, आपल्याला ठरलेले पैसे मिळतील. यालाच हेजिंग म्हणतात. मला ते फार पटलं. जावईबापूंचा स्वभाव तुम्ही जाणता, ते विचार करतात. म्हटलं, यांचा विचार होईपर्यंत भाव पडेल. मी उठलो, आपल्या दुसऱ्या बँकेत गेलो, आणि लाख डॉलर विकून आलो.

त्यांनीही विकले होते. पहिल्या बँकेला. तेच लाख डॉलर.

कोणी आधी विकले हा मुद्दा गौण आहे. चार महिन्यांनी डॉलर आले एक लाख, आणि द्यायचे होते दोन लाख. शिवाय मेल्याने घसरायचं सोडून चढायचं ठरवलं, त्यामुळे दुसऱ्या बँकेची तोंडमिळवणी करायला महाग डॉलर विकत घेऊन स्वस्तात द्यावे लागले. (घसरला असता तर तुम्ही आज मला दूरदृष्टीचा उद्योगपती म्हणाला असता.) वर्षाचा निम्मा नफा त्यात गेला.

भागधारकांच्या सभेत मी हे ‘चलनातील चढउतार’ या दोन शब्दांत उरकलं होतं. पण पंचवीस शेअरवाले एक निवृत्त गणिताचे मास्तर छापील अहवाल घेऊन उठले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “माल लाखाचा, मग विक्री दोन लाखांची कशी? एवढं फक्त मला फळ्यावर करून दाखवा.” सभागृहात फळा नव्हता ही व्यवस्थापनाची त्रुटी. मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात जावईबापू उठून म्हणाले, “चूक माझी आहे. हिशेबाचा प्रमुख मी आहे.” आणि बसले. मी तेव्हा पाणी पीत होतो. पाणी पिताना बोलू नये असं डॉक्टर सांगतात. ग्लास मोठा होता. मी तो सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी राजीनामा. तिन्ही शंकांचं निरसन झालं असेल अशी आशा करतो. गुडघ्याला शेक द्या, विहीणबाईंचं ऐका आणि आमच्यावर लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायचा असल्यास हरकत नाही.

आपला,
स्प्रिंगवाला व्याही

ता.क. अक्षर तुमचं आहे, पण ‘हेजिंगची जबाबदारी नेमकी कोणाची’ हे वाक्य तुमचं नाही. ते कोणी सांगितलं ते मला फळी नसतानाही ऐकू आलं. शीतगृहवाल्यांना सोमवारपर्यंत होकार द्यायचाय, आणि मुलीने नातवाच्या शाळेच्या दाखल्याची चौकशी केली आहे, हेही मला ठाऊक आहे. घर सहा खोल्यांचं आहे, व्याहीबुवा. दोन माणसांना फार होतं. काहीही करून त्यांना परत पाठवा.

ता.क. २. गौण मुद्दा. त्यांनी मंगळवारी विकले, मी गुरुवारी. बुधवारी मुलीने मला येऊन सांगितलं होतं, “बाबा, ते काम झालंय, आता तुम्ही काही करू नका.” मला वाटलं पावतीबद्दल बोलतेय. नाही, हेही खरं नाही. मला कळलं होतं. फक्त त्यांनी केलं म्हणजे नीट केलं असेल यावर माझा विश्वास बसेना. एवढा मजकूर त्यांच्या नजरेला पडेल असा कुठेतरी ठेवा.

ता.क. ३. पाकीट चिकटवण्याआधी मुलीने पत्र वाचलं. ती म्हणाली, चिठ्ठी मुद्दाम कुठेतरी ठेवून काम होणार नाही, आणि निरोप पोचवायचं काम तिने सोडलंय. तेव्हा पत्र टपालाने पुढे येतंय, आणि त्याच्यामागून मी स्वतः येतोय, रविवारी सकाळी. दार जावईबापूंनाच उघडायला सांगा, आणि मला लगेच आत घेऊ नका. जे बोलायचंय ते मला उंबऱ्याबाहेर उभं राहून जमेल. एकदा खुर्ची आणि चहा मिळाला की मी बाजाराच्या दिशेवर बोलायला लागतो.