पांघरुणाची जाड बाजू

चिरंजीव कन्येस अनेक आशीर्वाद.

तुझ्यासाठी आईने मागावर घेतलेल्या पांघरुणाच्या शेवटच्या दोन विती, तिच्या पश्चात, मी विणल्या. तिचा हात हलका होता; मी मात्र प्रत्येक धाग्यावर फणी नेमाने, जोराने ठोकली. मागावरून उतरवले तेव्हा ते पुठ्ठ्यासारखे ताठ लागले. तिची अखेरची वस्तू मी बिघडवली, या समजुतीने आठवडाभर तुझा फोन घेतला नाही. ती कबुली देण्यासाठीच हे पत्र आरंभले होते.

आज तुझी मावशी आली. कापड चाचपून म्हणाली, "अहो भावोजी, सुताची खळ धुतलीच नाही अजून, आणि कापडाला नावं ठेवताय? विणकरणीशी इतकी वर्षं संसार केलात, की नुसता चहाच प्यालात?"

आम्ही ते कोमट पाण्यात भिजवले. खळ निघाली, पाणी गढुळले आणि कापड मऊ पडले. कित्येक दिवसांनी मी मोकळेपणाने हसलो. माझ्या दोन विती तेवढ्या जाड राहिल्या.

"राहू द्या, तेवढंच जास्त टिकेल," मावशी म्हणाली.

आता हे पत्र खणातच राहील. पांघरुणासोबत एकच ओळ पाठवीन: जाड बाजू पायांकडे घ्यावी, म्हणजे आई गळ्याशी राहील.

तुझा,
बाबा