बा, तुझं नाव उकर्डा

बा, आज तुरीच्या डाळीचा डबा घासायला काढला. तोच, माझ्या लग्नातला. झाकणावर कोरलेलं अजून नीट वाचता येतं, 'लेकीस, वडिलांकडून'. बाकी सगळ्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं आहेत. मामाच्या घागरीवर तर मामाचं आख्खं नाव गावासकट आहे, मेला एक अक्षर सोडायला तयार नव्हता. पांढरकवड्याच्या भांड्याच्या दुकानात मी तुझ्या बाजूलाच उभी होते. दुकानदार मशीन हातात धरून विचारतो, "नाव काय टाकू?" तू म्हणतोस, "वडिलांकडून, असं टाक." तो म्हणतो, "अहो, पण वडिलांचं नाव?" आणि तू एकदम खेकसतोस, "सांगतलं ना तुले, तेवढंच टाक!" तू कधी कोणावर आवाज चढवत नव्हतास. मला तेव्हा दुकानात मेल्यासारखं झालं. लेकीच्या सासरी भांड्यावर 'उकर्डा' जायला नको, एवढंच तुझ्या मनात होतं, हे मला घरी आल्यावर कळलं आणि मग मी मोरीत जाऊन रडले.

उकर्डा म्हणजे उकिरडा. शेणाचा, काडीकचऱ्याचा ढीग. तुझ्याआधीची आजीची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तू झालास तेव्हा दाईनं तुला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. हे ठरवूनच केलेलं. मग शेजारीण आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अवं माय, हे कोनाचं पोट्टं पडलं इथं? कोनाचंच नसन त मी नेते." तिनं तुला उचललं, घरी नेलं, आणि आजीनं तिला मूठभर ज्वारी देऊन तुला तिच्याकडून मागून आणलं. म्हणजे मरणाला वाटावं की हा टाकून दिलेला आहे, ह्याला काय न्यायचं. आजी ही गोष्ट शंभरदा सांगायची, पण उकिरड्यापाशी ती फार रेंगाळायची नाही, लवकर पुढं सरकायची. शेजारणीनं कसं उचललं ते मात्र हात करून दाखवायची. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. "लय जपून उचललं बाई तिनं," म्हणायची, आणि रिकामे हात तसेच छातीशी धरून बसायची.

पुढं आपल्या वस्तीनं धम्म घेतला. घराघरातले देव नदीत गेले. जाणत्या माणसांनी पोरांची जुनी नावं टाकून नवी चांगली नावं द्यायला सुरुवात केली. तू तेव्हा शाळकरी पोरगा होतास, तुलाही नवं नाव मिळणार म्हणून तू आंघोळ करून दारात बसला होतास, हे मला आत्यानं सांगितलं. आणि आजी आडवी आली. "देव न्या, टाक न्या, काय न्यायचं थे न्या. माह्या पोराच्या नावाले हात नोका लावू. ह्याच नावानं जगला थो." तेहतीस कोटी सोडताना बाईच्या डोळ्यात पाणी नाही आलं, आणि ह्या एका नावापाशी ती थरथरत उभी राहिली. आईच्या जिवासाठी तू ते नाव जन्मभर वागवलंस. ती गेल्यावरही बदललं नाहीस. मी एकदा विचारलं होतं, काहून नाही बदलत? तू म्हणालास, "आता बदललं त थे बुढी खोटी पडन."

शाळेत माझं पूर्ण नाव पुकारलं की वर्ग हसायचा. माझं पहिलं नाव तू विहारातल्या पुस्तकातून शोधलेलं, कानाला असं गोड, आणि लगेच त्याच्या मागं उकर्डा. एकदा पुढच्या बाकावरची पोरगी जास्तच हसली, तर मी तिला पाटीनं हाणलं. कापसाच्या जिनिंगमध्ये तू कामाला होतास, तिथं निरोप गेला. मी फाटकापाशी उभी आहे आणि तू बाहेर येतोस, भुवयांना, कानाच्या केसांना रुई चिकटलेली, अर्ध्या दिवसात म्हातारा झालेला. मला वाटलं तू शाबासकी देशील. तू म्हणालास, "हसली त हसली. तुह्या अंगाले भोकं पडले काय? नावानं कोनी मरत नाही वं पोरी." मग माझ्याकडं न बघता, "जगते मात्र." हे दोन शब्द मला तेव्हा कळले नाहीत. आता नको तितके कळतात.

आणि गंमत बघ. लोकांनी तुला जन्मभर नावं ठेवली आणि तू लोकांच्या पोरांची नावं ठेवत फिरलास. वस्तीत बाळ झालं की तुलाच बोलावणं. तू आठ-आठ दिवस विचार करायचास, अर्थ सांगायचास, आईला तीनदा म्हणायला लावायचास. आपल्या वस्तीत अर्धी पोरं तुझ्या तोंडून निघालेल्या नावांची आहेत. स्वतःच्या नावाबद्दल मात्र शेवटच्या आजारात खाटेवरून एकच बोललास, "माह्या मांगं हे नाव कोनाले ठेवू नोका. माह्यासंगच जाऊ द्या." आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं.

माझ्या लेकीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा जावई रोज मोबाइल घेऊन बसायचा. तिथं नावांचा बाजारच भरलाय बा. नाव टाकलं की अर्थ, उगम, किती लोकप्रिय, सगळं दाखवतात. इंग्रजीत एक अक्षर जास्त लावलं की तेच नाव दुर्मिळ होतं म्हणे. मी हसून घेतलं, आणि तो चहा प्यायला उठला तेव्हा गुपचूप तुझं नाव टाकलं. उकर्डा. नाही मिळालं. रेशनकार्डावर होतं तसं, उकंडा. तेही नाही. 'कृपया वेगळं स्पेलिंग वापरून पाहा.' मला आधी बरं वाटलं, सुटला एकदाचा माझा बा. मग रागच आला. अर्थ ठाऊक नाही, उगम ठाऊक नाही, आणि म्हणे स्पेलिंग बदला!

ते बाळ राहिलं नाही. त्याच्यामागचंही राहिलं नाही. तिसऱ्या वेळी घरात कोणी नावाचा विषयच काढला नाही. मुलगा झाला, दिवस भरायच्या फार आधी. यवतमाळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला. त्याच्या पायाला पट्टी होती, तिच्यावर आईचं नाव आणि पुढं 'चे बाळ', बस्. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, म्हणून तिथल्या सिस्टरनं मला दुपारी आत येऊ दिलं. "मॅडम, तुम्हाला काय सांगू, तुम्हाला समजतंच," ती म्हणाली. समजत होतं. त्याच्या पोटाचा रंग, श्वासागणिक आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या, सगळं समजत होतं. न समजणारी असते तर बरं झालं असतं.

महागावकडच्या खेड्यांत मी किती बायांना झापलं असेल, बा. दंडातले काळे दोरे कात्रीनं कापले, ताईत काढून हातात दिले, "ह्यानं पोरगं जगते काय वं, लस टोचून घे त्याले!" ती मी, त्या पेटीच्या गोल खिडकीतून हात घातला, बोट त्याच्या तळव्याला लावलं, तोंड काचेजवळ नेलं आणि म्हटलं, उकर्डा. हळूच. पुन्हा म्हटलं. अरे उकर्डा, आजी आहे रे मी. त्यानं बोट धरलं. तेवढी बाळं धरतातच, त्यात काही नाही, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आता लेक माझ्याकडेच आहे. खात नाही, भिंतीकडं तोंड करून पडते. अंगावरचं दूध अजून येतं, ते पिळून मोरीत टाकते. काल तिच्या केसांना तेल लावत होते तर म्हणाली, "आई, त्याले नाव बी नाही ठेवलं वं आपण. बिननावाचाच गेला." जिभेवर आलं होतं. पण काय सांगू तिला? तुझ्या लेकराचं नाव उकर्डा होतं म्हणून? सांगेन कधीतरी. आजीसारखे हात करून, उचलण्यापासून सुरुवात करून सांगेन. काल नाही जमलं.

तू रागावला असशील. नाव तुझ्यासोबत जाऊ द्या म्हणाला होतास आणि मी ते मोडलं. लिहायला बसले तेव्हा तुला सांगणार होते की तो जगावा म्हणून घेतलं तुझं नाव. ते खरं नाही, बा. तो जगणार नाही हे मला पेटीपाशी उभी असतानाच कळलं होतं. आत्मा नाही, पुढं कोणी भेटत नाही, हे तूच मला शिकवलंस आणि मी ते मानते, आजही मानते. तरी त्या एका दुपारी मला वाटलं, उकिरड्यावर ठेवलेल्या लेकराला कोणीतरी येऊन उचलायचं असतं. त्याला तुझ्या नावानं हाक मारली ती तुला ऐकू जावी म्हणून.