आतल्या खोलीतला आवाज

३ जून

आले एकदाची मावशीकडे. पुढच्या खोलीत तिचं पार्लर: दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, पावडरचा वास. आतली खोली माझी आणि चिमणीची. चिमणी म्हणजे मावसबहीण, तोंड उघडलं की मिटत नाही. भिंतीकडची बाजू तिची आणि मी घोरले तर लाथ बसेल, हे तिने आल्या आल्याच जाहीर केलं. पाळी वेळेवर येत नाही, हनुवटीवर केस येतात, म्हणून आईने इथल्या डॉक्टरांकडे धाडलंय. कॉलेजही इथेच. मला इथे कोणी ओळखत नाही, किती बरं.

७ जून

डॉक्टरबाई प्रेमळ आहेत. म्हणाल्या, अंगात पुरुषी हार्मोन जास्त झालेत, पुष्कळ मुलींना होतं, लाजायचं नाही, गोळ्यांनी आटोक्यात येईल. मात्र केस झपाट्याने वाढले किंवा आवाज मुलांसारखा फुटला तर लगेच सांगायचं, मग आत दुसरंच काही वाढत असू शकतं. मी मान डोलावली. निघण्याआधी मावशीने थ्रेडिंग करून माझा चेहरा गुळगुळीत केला होता. पार्लरवालीची भाची अशी कशी जाईल, असं तिचं म्हणणं. डॉक्टरबाई म्हणाल्या, केस तसे थोडेच आहेत. मला इतकं बरं वाटलं की थ्रेडिंगचं मी सांगितलंच नाही.

११ ऑगस्ट

पुन्हा तपासणी, पुन्हा आधी थ्रेडिंग. आता मान, छाती, पोट, सगळीकडे वॅक्सिंग लागतं. मावशी दार लावून घेते आणि माझ्याकडे न बघता पट्टी ओढते. डॉक्टरबाई खूश. गोळ्या लागू पडल्या म्हणाल्या.

२ सप्टेंबर

चिमणी रडत मावशीकडे धावली. बाथरूममध्ये कोणी बाप्या गुणगुणतोय म्हणाली. काका लाटणं घेऊन निघाले. पलंगाखाली, गॅलरीत, सगळीकडे पाहिलं. चोर आंघोळ उरकून गेला असेल, असं म्हणत मावशी हसली. मीही शोधत होते.

गुणगुणत मी होते.

९ सप्टेंबर

पाणी मागितलं तर मावशी दचकून मागे सरली. मग म्हणाली, घसा बसलाय असंच सांगायचं, गिऱ्हाईक असताना बोलायचं नाही. मलाही तेच हवं होतं. चिमणी आता मावशीजवळ झोपते.

१५ सप्टेंबर

अजिबात बोलत नाही. तरी — दुपारी डोळा लागला. जाग आली ती आवाजाने. कोणीतरी जाड आवाजात, सावकाश म्हणत होतं, सांग. सांग. ओठ माझेच हलत होते. मी हलवत नव्हते. बाहेर गिऱ्हाइकाने विचारलं, आत कोण आलंय. मावशी म्हणाली, माझा भाऊ.

२० सप्टेंबर

ओटीपोटात गाठ. बोटाला लागते. मावशीला सांगू — नको. तोंड उघडलं की तोच बोलतो.

२१ सप्टेंबर

दवाखाना. वही मांडीवरच. वॅक्सिंगने मान लालभडक, चेहरा स्वच्छ. सगळं मावशीच बोलली, छान चाललंय म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिला बाहेर बसवलं. दाराच्या काचेवर तिची सावली. त्या हात धुताहेत. पोट तपासतील — कशाला तपासतील, चेहरा तर —

घशात तो धडका मारतोय. बोलले तर मावशी ऐकेल, बाहेरच्या बायका ऐकतील, लाज — नाही बोलले तर ही गाठ —

वळल्या. कशी आहेस विचारताहेत

मी तोंड उघडतेय. त्याच जाड आवाजात सांगतेय, गाठ —